नाव आणि नेव्ही : आई-लेक नव्हेत, बहिणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘माहीत आहे का?’ या चौकटीत आपण छापलंत, की इंग्रजीतला ‘नॅव्हिगेशन’ हा शब्द संस्कृत ‘नवगति’वरून आला आणि ‘नेव्ही’ हा ‘नौ’वरून. हा मजकूर कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. आमच्या ग्रुपवर तर नारळी पौर्णिमेच्या सुमारास हमखास येतो. तिथे मी गप्प बसते. वर्तमानपत्रात छापून आलेलं मात्र मुलं वहीत उतरवून घेतात, म्हणून हे पत्र.

मी चेंदणी कोळीवाड्याची सून, माहेर घाटावरचं. चाळीस वर्षांपूर्वी मीठबंदर रस्त्यावरच्या घरात आले तेव्हा सासूबाईंचं निम्मं बोलणं मला कळत नसे. खाडीला त्या ‘खारी’ म्हणायच्या, होडीला ‘होरी’, घोड्याला ‘घोरा’. नारळाचा ‘नारल’, बाळाचा ‘बाल’. शाळेत शिकवणारी मी, मला ते अशुद्ध वाटायचं, आणि त्याची आज लाज वाटते. हळूहळू ध्यानात आलं, की त्यात चूक कुठेच नव्हती. माझा ‘ड’ शब्दाच्या मध्ये आला की त्यांचा ‘र’ व्हायचा, माझा ‘ळ’ आला की ‘ल’. हा नियम कळला आणि आधी कधी न ऐकलेले त्यांचे शब्दही मला ओळखता येऊ लागले. माझी बोली त्यांच्या बोलीतून निघाली नव्हती, त्यांची माझ्यातून नव्हती. दोघी एकाच जुन्या घरातून निघून वेगवेगळ्या वाटेनं आल्या होत्या.

संस्कृत आणि इंग्रजीचं नातंही असंच नियमानं ठरतं. संस्कृतात ‘द’ असेल तिथे इंग्रजीत ‘ट’ सापडतो : द्वि आणि टू, दश आणि टेन, दन्त आणि टूथ. आता पाण्याकडे या. संस्कृत ‘उदन्’, इंग्रजी ‘वॉटर’. पाण्यात राहणारा प्राणी संस्कृतात ‘उद्र’, इंग्रजीत ‘ऑटर’. आपल्याकडे जुनी माणसं पाणमांजराला ‘ऊद’ म्हणतात, ते याच ‘उद्र’चं रूप. रशियनमध्ये पाणी म्हणजे ‘वोदा’. तुर्कस्तानात बोगाझकोयला सापडलेल्या तीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्यांवरची हित्ती भाषा १९१५ साली चेक अभ्यासक बेडरिख ह्रोझनी यांनी उलगडली, तेव्हा भाकरी खाण्या-पिण्याच्या एका वाक्यात त्यांना शब्द दिसला ‘वातर’. पाणीच ते.

इंग्रजांनी हे शब्द आपल्याकडून उचलले असते तर ‘द’ तसाच राहिला असता. उचललेले शब्द कसे दिसतात तेही माहीत आहे. ‘डिंगी’ हा छोट्या होडीचा शब्द त्यांनी आपल्याकडच्या भाषांतून घेतला, त्यातला ‘ड’ शाबूत आहे. ‘पंडित’ घेतला, त्यातलाही. ‘कॅटमरान’ तमिळ ‘कट्टुमरम’वरून घेतला, त्यात बांधलेली लाकडं अजून ओळखू येतात. घेतलेला शब्द आणि सख्ख्या नात्याचा शब्द यांच्यातला फरक असा दिसून येतो.

म्हणून ‘नवगति’ टिकत नाही. ‘नॅव्हिगेशन’ लॅटिनमधून आला : ‘नाविस’ म्हणजे नाव, ‘आगेरे’ म्हणजे हाकणं. ‘नेव्ही’ही याच ‘नाविस’वरून. ‘आगेरे’ची संस्कृतातली बहीण ‘अज्’ हा धातू, अजति म्हणजे हाकतो. ‘गति’ तर ‘गम्’ धातूची, आणि इंग्रजीत तिचं नातं निघतं ते ‘कम’शी, म्हणजे येण्याशी. कानाला सारखं वाटलं म्हणून भलतेच दोन शब्द जोडले गेले, आणि खरं नातं, जे याहून कितीतरी सुंदर आहे, ते बाजूलाच पडलं.

संस्कृत ‘नौ’, ग्रीक ‘नाउस’, लॅटिन ‘नाविस’, फारसी ‘नाव’ या सगळ्या एकाच आईच्या मुली, आणि ती आई आज कुठेही बोलली जात नाही. संस्कृतचे अभ्यासक, न्यायाधीश सर विल्यम जोन्स १७८६ साली कलकत्त्यात हेच म्हणाले : संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमातून निघाल्या, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. संस्कृत ही सगळ्यांची आई, असं ते म्हणाले नव्हते. त्यांच्या दोनशे वर्षं आधी, १५८३ साली, मराठीत ओव्या रचणाऱ्या इंग्रज धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून भावाला पत्र लिहिलं, त्यात इथल्या भाषांचं ग्रीक-लॅटिनशी साम्य नोंदवलं आहे. ते गोव्यात बसून हे कानानं टिपत होते.

मामंजींना सगळे ‘नाखवा’ म्हणत. होडी त्यांच्या मालकीची होती. हा शब्द फारसी ‘नाखुदा’वरून आला : नावेचा धनी. म्हणजे त्यातला ‘ना’ ही आपल्या ‘नावे’ची इराणातली बहीण, समुद्रमार्गे आपल्याकडे आलेली. ‘दर्या’चंही तसंच. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ सासूबाई दर्याला वाहत. फारसी ‘दर्या’चं जुनं रूप ‘द्रयह्’, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘झ्रयह्’, आणि ऋग्वेदात त्याचं भावंड ‘ज्रयस्’ म्हणजे विस्तार. संस्कृतात मागे पडलेला शब्द बहिणीच्या घरून कोळीवाड्यात आला. याउलट ‘अरित्र’, म्हणजे वल्हं, हा शब्द गेला तो गेलाच. अश्विनांनी, म्हणजे अश्विनीकुमारांनी, भुज्यूला भर समुद्रातून शंभर अरित्रांच्या नावेनं घरी आणलं, असं ऋग्वेदात आहे. ग्रीक ‘एरेत्मोन’, लॅटिन ‘रेमुस’, इंग्रजी ‘रो’ ही त्याची भावंडं अजून आहेत. आपण ‘वल्हं’ मारतो.

आता मला सर्वांत जास्त विचार करायला लावलेली गोष्ट सांगते. नाव एक, वल्हवणं एक, पाणी एक, पण समुद्राला सगळ्या बहिणींचा मिळून एक शब्द नाही. लॅटिन ‘मारे’, जर्मन ‘मेर’, रशियन ‘मोरे’, वेल्श ‘मोर’ हे एका कुळातले. पण जुन्या इंग्रजीत त्याच कुळातला ‘मेरे’ तळ्यालाही चालायचा, लिथुआनियात ‘मारियोस’ खाडीसारख्या पाण्याला म्हणतात, आणि संस्कृतात त्याचा नक्की वारस नाही. इंग्रजी ‘सी’ फक्त जर्मनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या शाखेतल्या, भाषांत आहे. ग्रीकांचा ‘थालास्सा’ बहुधा ग्रीकांच्या आधी तिथे राहणाऱ्या लोकांचा. मूळ घर सोडलेली माणसं जसजशी किनाऱ्याला पोचली तसतसं प्रत्येकानं त्या पाण्याला आपापलं नाव दिलं, असं मला वाटतं. आपल्याकडच्यांनी ‘समुद्र’ म्हटलं, म्हणजे पाणी एकत्र येतं ते ठिकाण. ग्रीकांनी ‘पोन्तोस’ म्हटलं, आणि तो शब्द आपल्या ‘पंथा’चा भाऊ आहे. त्यांना समुद्रात रस्ता दिसला. त्यांचा आणखी एक शब्द ‘हाल्स’, त्याचा अर्थ मीठही आणि समुद्रही. मीठबंदर रस्त्यावर आयुष्य गेलेल्या मला हा शब्द परका वाटत नाही.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच चौकटीत, तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापावी. आणि जागा उरली तर ‘नाखवा’ आणि ‘दर्या’ यांचीही हकिकत द्यावी. इथे अजून हे शब्द रोज बोलले जातात.

आपली,
एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे (पूर्व)