विक्रांत करायची, पण कुठल्या तारखेची?

मालवण,
ऐन श्रावणात

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज वाचला. त्याला व्हॉट्सअॅपवर दोन ओळीत उत्तर दिलं असतं तर तू परत दहा प्रश्न विचारले असतेस, म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं. पाऊस असा लागलाय की बाजारात जायची सोय नाही, लाइट येते-जाते, आणि मॉडेलचं काम म्हणशील तर ह्या दिवसात फक्त कापाकापी आणि घासणं, बाकी काही नाही. तेव्हा वेळच वेळ आहे.

तू विचारलंस की आपल्या नौदलाच्या जुन्या विमानवाहू जहाजाचं, विक्रांतचं, मॉडेल करतोय तर तिच्या डेकवर सी हॉक विमानं किती ठेवू आणि सी हॅरिअर किती. अरे बाबा, दोन्ही एकत्र नाहीच. सी हॅरिअर आपल्याकडे आली १९८३ ला, तोवर सी हॉकचे दिवस भरलेले. आणि तू जो पुढे वर उचललेला डेक काढून पाठवलायस ना, तो स्की जंप, तो तर त्याच्याही नंतर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मोठं काम काढलं तेव्हा बसवला. तुझ्या डोक्यात ती जंपवाली विक्रांत बसलीय कारण शाळेच्या सहलीत आपण मुंबईला म्युझियम झालेली बघितली तीच मुळी ती. पण तुला दाखवायचंय १९७१ चं युद्ध. म्हणजे मॉडेलचं नाक १९९० चं आणि विमानं १९७१ ची, असं कसं चालेल?

माझं म्हणणं एवढंच आहे बघ, जहाजाचं मॉडेल करताना आधी तारीख ठरवायची. नुसतं नाव नाही. विक्रांत ही एक बोट नाहीच, निदान चार आहेत. १९४३ ला इंग्लंडात हर्क्युलीस म्हणून सांगाडा टाकला, १९४५ ला पाण्यात सोडली, मग महायुद्ध संपलं आणि काम अर्धवट ठेवून दिली पडून. १९५७ ला आपण विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला ती आपल्या नौदलात आली. ही मधली वर्षं वाया गेली असं वाटतं ना, पण त्यामुळेच तिला तिरका डेक मिळाला, विमान ढकलून उडवणारा वाफेचा कॅटापल्ट मिळाला, उतरणाऱ्या पायलटला दिशा दाखवणारा आरसा मिळाला, हे सगळे शोध मधल्या काळातलेच. मॉडेलवाल्याला ह्याचा उपयोग असा की डावीकडे डेक जो बाहेर लोंबतो तो जुन्या अंगावर मागाहून चढवलेला आहे हे दिसायला हवं. तो भाग वेगळा कापून, खालून आधार देऊन चिकटव, बॉडीतच घडवून काढू नको, नाहीतर सगळं गुळगुळीत साबणासारखं दिसतं.

आता स्केल. तू अमेरिकेच्या निमिट्झचा १/३५० चा, म्हणजे खऱ्याच्या साडेतीनशे पट लहान, मॉडेलचा डबा बघून ठेवलायस म्हणे. मोजलंस का? खरी ३३३ मीटरची आहे, म्हणजे मॉडेल ९५ सेंटीमीटर. ठाण्याच्या वन बीएचकेत कुठे ठेवणारेस, वहिनी टीव्ही काढू देणारेत का? विक्रांत १/३५० मध्ये ६१ सेंटीमीटर होते, १/७०० मध्ये त्याच्या निम्मी. पहिलंच करतोयस तर खरं म्हणजे १/७०० घे, पण तू ऐकणार नाहीस हे मला माहितेय. विक्रांतचा तयार डबा दुकानात सहज मिळत नाही. हेलर कंपनीने १/४०० मध्ये फ्रेंचांची आरोमांश काढली होती, ती मूळची ब्रिटिशांची कोलोसस, आपल्या विक्रांतच्या घराण्यातलीच थोरली, सापडली कुणाकडे तर तिच्यावरून बदल करून होईल. नाहीतर माझ्यासारखी शून्यापासून. मी प्लॅनवरून आडव्या फळ्या कापल्यात प्लास्टिकशीटच्या, दीड मिलिमीटरच्या, मधे सनबोर्ड भरलाय, वरून पातळ शीट गुंडाळून पुट्टी. पाण्याखालचा भाग केलाच नाही, समुद्रात बसलेली दाखवायचीय तर कशाला मेहनत.

रंगाचं ऐक, हे महत्त्वाचं, आणि तू तिकडे ठाण्यात असलास तरी पावसाळा तुलाही आहेच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लॅकर रंग मारायचाच नाही. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते, की करड्या रंगावर पांढरट थर चढला समज. कितीही पैसेवाला एअरब्रश असू दे. मी पावसात कापतो, घासतो, रेलिंग वाकवतो, आणि रंग दिवाळीनंतर. एप्रिल-मे मध्ये परत नको, तेव्हा चिऱ्याची लाल धूळ रस्त्यावरून उडून घरात येते आणि ओल्या रंगावर बरोब्बर बसते. डीकलचे, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांचे, कागद सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेव, नाहीतर पिवळे पडतात.

पितळी रेलिंगचा सेट मागवलास तर रंगाआधी ते धू. तेलकट हात लागलेले असतात, त्यावर प्राइमर धरत नाही, पापुद्रे निघतात. लोक व्हिनेगर वापरतात, मी आईकडून चिंचेचा कोळ घेतो, देवाची भांडी घासायला ती कालवतेच, त्यातच पत्रा बुडवून ठेवायचा थोडा वेळ, मग स्वच्छ पाणी, मग पंख्याखाली वाळवायचा. वाकवताना दोन पट्ट्यांच्या मधे धरून एकदाच वाकव. परत सरळ करून परत वाकवलंस की तुटलाच. आणि फेविक्विक नळीतून सरळ कधी लावू नको, झाकणात थेंब काढ आणि सुईच्या टोकाने लाव. वायरलेसच्या तारा म्हणशील तर डब्यातली प्लास्टिकची फ्रेम असते ना, तिचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढायचा, केसाहून बारीक धागा निघतो. तो शिकायला जरा वेळ जातो पण एकदा हात बसला की फुकट.

आता तो फोटो. तू पाठवलेलं ते परदेशातल्या कुणाचं मॉडेल, प्रत्येक पत्र्याच्या जोडावर काळी रेघ आणि नांगराखाली गंजाचे ओघळ. तुला भारी वाटलं, मला नाही आवडलं. हिशोब कर. टेबलावरचं मॉडेल तू साधारण दोन फुटांवरून बघतोस. १/३५० मध्ये ते खऱ्या जहाजापासून २१३ मीटर झालं. तेवढ्या लांबून पत्र्याचा जोड दिसतो का? नौदल दिनाला, २०२३ च्या ४ डिसेंबरला, तारकर्लीसमोर युद्धनौका आल्या होत्या तेव्हा मी किनाऱ्यावर उभा राहून मुद्दाम हेच बघत होतो, बाकी पब्लिक विमानांकडे माना वर करून आणि मी आपला बोटींच्या रंगाकडे. लांबची बोट फिकट दिसते, करडा रंग हवेत विरतो, काळं म्हणून काही उरतच नाही. तेव्हा डबीतल्या रंगात थोडा पांढरा मिसळून मार, आणि काळ्याच्या जागी गडद करडा. गंज बघायचा तर बंदरात चल, मासेमारीच्या ट्रॉलरवर हवा तेवढा आहे, पण विमानवाहू जहाजावर शेकडो खलाशी असतात आणि त्यांना रिकामं बसू देत नाहीत, ब्रश हातात देतात.

डेक मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे घाण हवी. पण कुठली घाण, हे मला आमच्या वाडीतल्या काकांनी सांगितलं. ते सत्तरच्या दशकात विक्रांतच्या फ्लाइट डेकवर होते. पहिल्यांदा माझं काम बघायला आले तेव्हा आमची आजी दारातूनच म्हणाली, "एवढो मोठो झालंस तरी खेळणी जोडत बसतंस?" आणि काका तिला म्हणाले, "खेळणां न्हय गे, माझी बोट आसा ती." त्यानंतर आजीने विषय काढला नाही.

तर काका म्हणाले, विमान उडायच्या आधी सगळे जण डेकवर आडवी रांग करून नाकापासून शेपटापर्यंत चालत जायचे, मान खाली घालून. "बारीक खिळो दिसलो तरी उचलूचो लागा, इंजिनात गेलो की संपलां." म्हणजे डेकवर सुटा कचरा, पेट्या, दोऱ्या असलं काही ठेवायचं नाही, लोक हौसेने ठेवतात ते चूक. पण डाग हवेत. विमान जिथे नेहमी उभं राहतं त्याच्या खाली तेलाचे ठिपके, उतरायच्या जागी टायरचे काळपट पट्टे, आणि ते सुद्धा तिरक्या डेकच्या दिशेने, सरळ नाकाकडे नाही. उतरणारं विमान अडवणाऱ्या अरेस्टर तारांच्या जागेनंतर पट्टे विरत जायला हवेत कारण तिथवर विमान थांबलेलं असतं. कॅटापल्टच्या खाचेभोवती वाफेने आणि ग्रीसने वेगळा रंग. हे सगळं मी कोरड्या पेस्टल खडूची पूड करून मऊ ब्रशने चोळतो, एअरब्रशने मारलं की फार आखीव दिसतं.

मला ती रांगच आवडली. सगळे लोक विमान उडतानाचा क्षण करतात. मी ठरवलंय, डेकवर खलाशांची आडवी रांग करायची, प्रत्येक माणूस पाच मिलिमीटरचा, मागे पंख दुमडलेली विमानं. पितळी पत्र्यातली माणसं चपटी असतात, म्हणून थ्रीडी प्रिंटवाली रेझिनची बघतोय. काकांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "हेच्यात मी खंय?" मी डावीकडचा एक दाखवला. तर म्हणाले नाय, मी उजवीकडे आयलंडच्या बाजूक असायचंय. आयलंड म्हणजे डेकवरची ती इमारत. झालं, आता एक माणूस हलवावा लागणार.

विमानांचं थोडक्यात सांगतो. १९७१ ला डेकवर सी हॉक आणि अलिझे, बाकी हेलिकॉप्टर. सी हॉक १/३५० मध्ये साडेतीन सेंटीमीटरचं सुद्धा भरत नाही. त्याची खूण अशी की जेटचा धूर शेपटीतून निघत नाही, पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूला दोन भोकं आहेत, तिथे दोन गडद ठिपके दिलेस की सी हॉक झालं, नाही दिलेस तर कुठलंही विमान. अलिझे फ्रेंच, पंख्यावर चालणारं, पाणबुड्या शोधायला, पाणबुडीच्या भीतीनेच तर तेव्हा सगळ्यांची झोप उडालेली, पाकिस्तानची गाझी विक्रांतच्याच मागावर होती आणि बुडाली विशाखापट्टणमजवळ. अलिझेचे पंख उघडले तर साडेचार सेंटीमीटर होतात, म्हणून दुमडूनच ठेव, जागाही वाचते.

समुद्र. इथे तू घोळ घालणार हे मला दिसतंय म्हणून आधीच सांगतो. आत्ता आपल्या खिडकीतून दिसतो तो गढूळ, चहाच्या रंगाचा समुद्र करू नको, तो खाडीच्या तोंडाचा. विक्रांत होती बंगालच्या उपसागरात, चितगाव आणि कॉक्स बझारवर तिची विमानं गेली, भर समुद्रात, डिसेंबरात, म्हणजे गडद निळा. आणि पुढे फेसाचा डोंगर नको. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते तेव्हा, पुरा वेग घेताच येत नव्हता. तसल्या अवस्थेत लढाईत गेली ती. नाळेपाशी बारीक पांढरी मिशी दिलीस की बास. फेविकॉलमध्ये टिश्यू पेपर चिकटवून लाटा होतात, वरून रंग, वरून चकचकीत वॉर्निश.

झेंडा! हे विसरलो असतो. मागच्या काठीला तू नवा झेंडा लावणार, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन असलेला, मालवणचा माणूस तू, मला माहितेय. मलाही आवडतो तो. पण तो आला २ सप्टेंबर २०२२ ला, कोचीला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली त्याच दिवशी. आपल्या जुनीवर १९७१ ला लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा होता, इंग्रजांच्या वेळची खूण अजून पुसलेली नव्हती. डोळ्याला खटकेल पण तोच लाव. नव्या झेंड्याचीच हौस असेल तर नवी विक्रांत कर, २६२ मीटर, १/७०० मध्ये साडेसदतीस सेंटीमीटर, टीव्हीसुद्धा हलवायला नको.

जुनी तर आता बघायलाही नाही. १९९७ ला निवृत्त झाली, म्युझियम २०१२ ला बंद, २०१४ ला मुंबईच्या दारूखाना भागात तोडायला घेतली. तिच्या लोखंडाची म्हणून मोटरसायकल निघाली ती तुझ्या मावसभावाने घेतली होती ना? आहे का अजून, की विकली? त्याला विचार आणि त्या सहलीचे फोटो कुणाकडे असतील तर तेही विचार, मागे तुझ्या वर्गातल्या कुणीतरी रोल भरून काढले होते. मला आयलंडच्या मागच्या बाजूचे जिने नीट दिसतील असा एकही फोटो मिळत नाहीये. त्या बाजूचं फार काही बदललं नसावं असा माझा अंदाज आहे, काकांना दाखवून पक्कं करीन.

तर तू गणपतीला येशील तेव्हा तारीख ठरवून ये, १९६१, १९७१ की १९९०, त्याशिवाय प्लॅनची झेरॉक्स मिळणार नाही. येताना मुंबईतून अकरा नंबरची ब्लेडं, एक चांगला टोकदार चिमटा आणि हजार-दोन हजार नंबरचे पाण्याचे पॉलिश पेपर घेऊन ये, इथे चारशेच्या वर मिळत नाही. कोकण रेल्वेचं तिकीट वेटिंगवरच असेल तुझं, तर ब्लेडं हातातल्या बॅगेत ठेवू नको, गर्दीत कुणाला तरी लागतील. आणि काकांसाठी चहा पावडर आण, त्यांना तुमच्या तिकडचीच लागते.

तुझा,
बाळ्या