आमवात, जनुके आणि मराठवाडा

महोदय,

आमवाताच्या (सांधे सुजवणाऱ्या ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’च्या) रुग्णाला ‘तुमच्या घराण्यातच आहे’ एवढे सांगून गप्प बसवण्याची रीत आमच्या परभणीकडे अजूनही आहे, पण ती अर्धवट माहितीवर उभी आहे. जनुके सारखीच असलेल्या एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात झाला तरी दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे १५ आढळते. म्हणजे जनुके धोका वाढवतात, आजार ठरवत नाहीत. धूम्रपान त्या धोक्यात भर घालते. तंबाखूच्या मिश्रीबद्दल आपल्या बायकांना कोणी विचारतो का, हा प्रश्नच आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २००४ साली आमवात व पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी जोडला गेलेला ‘पीटीपीएन२२’ जनुकातील बदल उत्तर युरोपात बराच आढळतो, भारतीयांत तो विरळ आहे आणि जपानी लोकांत जवळजवळ नाहीच. त्यामुळे युरोपीय रुग्णांवरून बांधलेले जोखमीचे आडाखे जालना-हिंगोलीच्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी स्थानिक रुग्णांची, त्यांच्या संमतीने, पद्धतशीर नोंद सुरू करावी, ही विनंती.

— एक वाचक, परभणी