साईडपट्टीची खोलीही एकदा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ज्येष्ठांच्या गुडघेदुखीवर आपल्या अंकात अलीकडे एक लेख आला होता. त्यात सायकलीच्या वाट्याला एकच ओळ आली होती : ‘शक्य असल्यास सायकल चालवावी.’ त्या ‘शक्य असल्यास’बद्दल मला लिहायचे आहे. माझे वय 66. हायस्कुलातून निवृत्त होऊन आठ वर्षे झाली आणि गेले दीड वर्ष मी पुन्हा सायकल चालवते आहे.

माझ्या पिढीतले बहुतेक जण शिकले तशीच मी शिकले. तासाला पंचवीस पैसे देऊन भाड्याची, माझ्यापेक्षा उंच सायकल आणायची, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचे आणि गुडघे फोडून घ्यायचे. दुकानदार वहीत वेळ लिहून ठेवायचा आणि पाच मिनिटे उशीर झाला तरी पुढचा अर्धा तास लावायचा. 1976 साली विलिंग्डन कॉलेजात गेले, तेव्हा वडिलांनी लेडीज अ‍ॅटलस घेऊन दिली. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, चेनला पूर्ण कव्हर. गावभागातून विश्रामबागला जाताना आषाढातला वारा पाठीशी असे आणि दुपारी परतताना तोच तोंडावर येई. भूगोलाच्या पुस्तकातले नैऋत्य मोसमी वारे मला पायांनी आधी कळले, म्हणून पुढे वर्गात शिकवायला सोपे गेले.

लग्नानंतर लूना आली, मग स्कूटी. सायकल दुधाच्या किटल्या अडकवायला कुणाला तरी दिली गेली. मला विचारले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही. 2020 मध्ये अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी वाचली. तारीख होती 3 जून, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन. त्या दिवशी मात्र ती जाळी डोळ्यांपुढे आली.

दीड वर्षापूर्वी स्कूटी गॅरेजात होती. आमच्याकडे भाड्याने राहणाऱ्या मुलीची सायकल जिन्याखाली उभी असते. पहाटे पावणेसहाला, गल्लीत कोणी नसताना, तिला न विचारता ती बाहेर काढली. (नंतर सांगितले. ती हसत होती.) चढताच येईना. टांग मारायला पाय उचलावा तर तो कमरेच्या वर जायला तयार नाही. शेवटी शेजारच्यांच्या पायरीवर एक पाय ठेवून बसले, ढकलले आणि चाळीसएक वर्षांनी तोल जसाच्या तसा सापडला. ज्या बाजूला पडतोय असे वाटते त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचे, हे हातांनी मला न विचारताच केले. उतरणे मात्र हात विसरले होते. विजेच्या खांबाला मिठी मारून थांबले.

मग जुन्या पेठेतल्या एका दुकानातून वापरलेली बुटकी सायकल घेतली. ‘मावशी, गिअरची घ्या की, चढाला बरी पडते,’ असे मिस्त्री म्हणाला. सांगलीत चढ कुठला, असे मी विचारल्यावर त्याने निमूटपणे जुन्या सायकलीच्या वाकड्या चाकाची आउट काढायला घेतली. पाय टेकावेत म्हणून सीट खाली घ्यायला लावली, तर दोन आठवड्यांत गुडघे कुरकुरू लागले. सीट फार खाली असली की पाय दुमडलेलाच राहतो आणि भार गुडघ्यावर येतो. दोन बोटे वर घेतली आणि दुखणे गेले. आता फक्त चवडे टेकतात, तेवढे पुरते. खरी अडचण मानेची. वळताना मागे बघायला मान फिरत नाही. त्यासाठी हँडलला आरसा बसवला. ज्येष्ठांना सायकल सुचवणाऱ्या डॉक्टरांनी हा आरसाही चिठ्ठीवर लिहून द्यावा. आणि सायकलवर अंगाचा भार सीटवर असल्याने गुडघ्यांना आराम पडतो, पण त्याच कारणाने हाडांसाठी चालणे वेगळे करावेच लागते.

लोकांचे म्हणाल, तर माझे माजी विद्यार्थी या शहरात चौकाचौकात आहेत. ‘काय ओ बाई, गाडी बंद पडली काय? रिक्षा करून देऊ?’ दीड वर्षात हे इतक्या वेळा ऐकले की आता ‘हो, कायमची बंद पडली’ असे सांगते. सायकलवरच्या साठीच्या माणसाला लोक फिट म्हणतात. बाईची मात्र परिस्थिती बिघडली असावी, असा त्यांचा समज होतो.

सकाळी मी बहुधा हरिपूरला जाते. जुन्या चिंचांखालून, बागेतल्या गणपतीवरून, कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत. एके काळी हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत. 2005 च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरले. स्कूटीवरून या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन, पण संगमेश्वराच्या देवळातल्या घंटेचा आवाज किती दुरून येतो ते सायकलवर बसल्यावर समजले.

आता तक्रार. मला वेगळा सायकल ट्रॅक नको. तो झालाच, तर त्यावर आठ दिवसांत चारचाकी उभ्या राहतील. मला फक्त साईडपट्टी हवी आहे. शहराबाहेरच्या रस्त्यांवर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, पण बाजूला मुरूम भरायचा राहून जातो आणि डांबराच्या कडेला पायरी तयार होते. मागून ट्रक हॉर्न देतो. तरुण मुलगा पटकन खाली उतरतो आणि पुढच्या क्षणी परत वर येतो. माझे चाक त्या कडेवरून घसरले की मी पडणार, आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड. एका वळणावर मी एकदा घसरलेच. नशिबाने खाली गवत होते. दुसऱ्या दिवशी शाळेतली फूटपट्टी घेऊन गेले आणि मोजले : साडेचार इंच. तो रस्ता कोणत्या खात्याकडे आहे, हे विचारायला तीन ठिकाणी जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याचे नाव सांगितले गेले.

आपण पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी फुटा-इंचांत छापता. पंचेचाळीस फूट म्हटले की शाळकरी पोरालाही धोका कळतो. तशी एखाद्या दिवशी साईडपट्टीची खोलीही छापा. आपला वार्ताहर सकाळी सहाला पाठवा. फूटपट्टी माझ्याकडे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
गावभाग, सांगली