कानपूरच्या भंगारातले विमान

मॅसॅच्युसेट्स,
सप्टेंबर २०१८

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी फोनवर बाबांना नीट ऐकू येत नव्हते, त्यामुळे माझे सांगणे अर्धवटच राहिले. म्हणून हे सविस्तर पत्र. दुसऱ्या महायुद्धातले एक बॉम्बफेकी विमान आमच्याजवळच्या छोट्या विमानतळावर आले होते आणि मी ते उडताना पाहिले, एवढे तुमच्यापर्यंत पोहोचले. मात्र हे विमान वीस वर्षे आपल्या हवाई दलात होते आणि त्याआधी कानपूरच्या चकेरी तळावर भंगार म्हणून पडून होते, हे सांगण्याआधीच फोन तुटला. खरी बातमी तीच होती.

विमानाचे नाव बी-२४ लिबरेटर. या जातीची १८,००० हून अधिक विमाने युद्धकाळात तयार झाली. मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यातून तर ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडत असे. आज त्यांपैकी उडू शकणारी जगात दोनच उरली आहेत. मी पाहिलेले विमान १९४४ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ येथे तयार झाले. सध्या ते इथल्या कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेच्या मालकीचे असून, उन्हाळ्यात ती संस्था त्याला गावोगाव फिरवते.

बाबा, विमान आकाशात चढण्याआधी धावपट्टीवर जे चालले होते, ते तुम्हाला पाहायला मिळायला हवे होते. इंजिने सुरू करण्यापूर्वी दोन-तीन माणसांनी प्रत्येक पंख्याचे पाते हाताने धरून, चालत चालत, सावकाश फिरवले. मी विचारले तेव्हा त्यांच्यातल्या एका वयस्क मेकॅनिकने समजावून सांगितले, की या इंजिनात १४ सिलिंडर गोलाकार बसवलेले असतात आणि इंजिन बंद असताना ऑइल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. ते तसेच ठेवून स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रत्येक इंजिनाखाली ऑइल पडायला पत्र्याचा ट्रे ठेवलेला होता आणि चारही ट्रे ओले होते. तुम्ही वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना सांगायचात, की जे इंजिन थेंबभरही गळत नाही त्यात ऑइल आहे का ते आधी बघा. ते आठवून मला तिथेच हसू आले.

मग एकेक करून चारही इंजिने निळसर धूर सोडत सुरू झाली. प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची ती इंजिने एका लयीत कधीच चालत नाहीत. त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून एक वर-खाली होणारी घरघर तयार होते आणि विमान डोक्यावरून गेले तेव्हा ती कानांपेक्षा छातीतच जास्त जाणवली. विमान दिसायला देखणे मुळीच नाही. धड खोक्यासारखे, शेपटीला दोन लंबगोल उभी पाती, आणि त्या बोजड देहावर ११० फुटांचे लांब, अरुंद पंख. बाजूला उभे असलेले लोक त्याच संस्थेच्या बी-१७ या दुसऱ्या बॉम्बफेकी विमानाचे फोटो अधिक हौसेने काढत होते, आणि त्यात त्यांचे काही चुकत होते असेही मला म्हणवत नाही.

विमान उतरल्यावर आत जाता आले. बॉम्ब ठेवण्याच्या जागेतून पुढे जायला जेमतेम नऊ इंच रुंदीची पट्टी आहे. तिच्यावरून, दोन्ही बाजूंचे खांब धरत, तिरके होऊनच जावे लागते. खालचे दरवाजे बाहेर उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखे सरकून अंगाला लागून वर जातात, आणि इतके हलके आहेत की त्यांच्यावर पाय ठेवू नका अशी सूचना दर वेळी द्यावी लागते. मागच्या भागात पोहोचल्यावर मी आतल्या पत्र्यावरून हात फिरवून पाहिला. रिव्हेटांच्या ओळी सरळ, नव्या, एकसारख्या होत्या. यांतली एखादी तरी ओळ बंगळूरला झालेल्या दुरुस्तीतली असेल का, हाच विचार माझ्या मनात घोळत होता.

आता कानपूरचे सांगते. ही विमाने अमेरिकेने ब्रिटिशांना युद्धापुरती, उसनवारीच्या करारावर दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा निकामी करायची, असे ठरले होते. परत नेण्यात कोणाला रस नव्हता. म्हणून ब्रिटिश हवाई दलाने ती चकेरीला आणून उभी केली आणि पुन्हा कोणी उडवू नयेत याचा पक्का बंदोबस्त केला. पत्र्याला भोके पाडली, यंत्रांवर घण घातले, काहींच्या इंजिनांत वाळू ओतली, काही इंजिने ऑइल काढून घेऊन सीज, म्हणजे कायमची जाम, होईपर्यंत चालवली. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाकडे तेव्हा एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते आणि बाहेरून विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची माणसे चकेरीला गेली. या मोडक्याचा भाग त्या मोडक्याला लावून, एकदाच उडेल इतपत डागडुजी करून, त्यांनी एकेक विमान उभे केले. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. बंगळूरला त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ क्रमांकाचे स्क्वाड्रन याच विमानांवर उभे राहिले. पुढे अशी चाळीसहून अधिक विमाने दुरुस्त झाली.

बाबा, तुम्ही आयुष्यभर ओव्हरहॉलचे काम केलेत, त्यामुळे याचा अर्थ तुम्हाला माझ्याहून चांगला कळेल. झिजलेले यंत्र दुरुस्त करणे वेगळे आणि मुद्दाम, जाणत्या हातांनी मोडून ठेवलेले यंत्र दुरुस्त करणे वेगळे. ज्याने मोडले त्याला नेमके कुठे घाव घालायचा ते ठाऊक होते. मुन्शींचे नाव तरी राहिले. पण घण बसलेला पत्रा ठोकून सरळ करणारे आणि वाळूने खराब झालेली इंजिने खोलणारे फिटर कोण होते, त्यांना किती महिने लागले, हे इथल्या माहितीफलकावर अर्थातच नव्हते. फलकावर भारताला एक वाक्य होते. त्याच फलकावर फ्लोरिडातल्या जीर्णोद्धाराचे ९७,००० तास मात्र ठळक अक्षरांत होते.

इथल्या लोकांचे श्रम मी कमी लेखत नाही. १९६८ मध्ये आपल्या हवाई दलाने लिबरेटर विमाने निवृत्त केली, त्यानंतर हे विमान १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने घेतले, सुटे करून इंग्लंडला नेले आणि तिथून १९८४ मध्ये ते या संस्थेकडे आले. आधी ते नुसते प्रदर्शनात ठेवायचा बेत होता. युद्धात लढलेल्या वृद्धांनी ते उडवण्याचा आग्रह धरला आणि १९८९ मध्ये ते पुन्हा उडाले. एवढेच वाटते, की चकेरीला उरलेले धूड वितळवून त्याची भांडी झाली असती, तर फ्लोरिडात ९७,००० तास कशावर खर्च करणार होते?

आई, तू फोनवर विचारलेस, "त्यानं माणसं किती मारली गं?" ते मला कोणी सांगू शकले नाही. पण ब्रिटिशांची लिबरेटर विमाने बंगालमधून उडून ब्रह्मदेशावर आणि सयामवर बॉम्ब टाकत. तिथली रेल्वे जपान्यांनी युद्धकैद्यांकडून आणि मलायातून नेलेल्या तमिळ मजुरांकडून बांधून घेतली होती. विमानांनी पूल पाडले तेव्हा जवळच्या छावण्यांतले कैदीही मेले. मुलांना मी हेही सांगितले. विमानाच्या नाकावर झाडूवर बसलेली चेटकीण रंगवलेली आहे, तिच्याबद्दलच मुलांना अधिक उत्सुकता होती.

तुझ्या विश्रांतवाडीच्या आठवणीचेही उत्तर मिळाले असे वाटते. तू सांगतेस ना, की शाळेत असताना लोहगावहून एक जड विमान उडायचे आणि फडताळातली भांडी वाजायची? त्या वर्षांत लोहगावला ६ क्रमांकाचे स्क्वाड्रन होते आणि अरबी समुद्रावर टेहळणीसाठी ते लिबरेटरच वापरत असे. सोबत मी फोनवर घेतलेले ध्वनिमुद्रण पाठवीत आहे. बाबांनी कानातले यंत्र लावून, आवाज मोठा ठेवून ते तुला ऐकवावे आणि तोच आवाज का ते मला कळवावे. त्या तळावर सुपर कॉन्स्टेलेशन विमानेही होती, चार इंजिनांचीच, तेव्हा घाईने हो म्हणू नकोस.

डिसेंबरात लग्नासाठी दिल्लीला जाणार आहात, तेव्हा एक सकाळ पालमच्या हवाई दल संग्रहालयासाठी राखून ठेवा. तिथे आपल्या हवाई दलाचे एक लिबरेटर जपून ठेवलेले आहे. इथले विमान उडते ठेवण्यासाठी बरेचसे नव्याने बांधावे लागले. पालमचे उडत नसल्याने त्याच्यावर बंगळूरच्या हातांच्या खुणा अधिक शिल्लक असतील असा माझा अंदाज आहे. बाबा, जवळ जाऊ देत असतील तर रिव्हेटांच्या ओळी नीट पाहा, आणि कुठे ठिगळ दिसले तर ते कसे बसवले आहे ते मला लिहा. गुडघ्याचा पट्टा बरोबर न्यायला विसरू नका.

तुमची,
मनू