बोर्डाच्या खोक्यातली चिठ्ठी

बाळ्या,

काय मर्दा, रागावलास काय? दिवाळीत तुझे तीन मिसकॉल पडलेले, नंतर करतो म्हटलं नि संक्रांत आली. तिळगूळ घे आणि फोन का करत नाहीस ते विचारू नको, हे फोनवर मला सांगता येणार नाही म्हणून रात्री साडेबाराला टाइप करायलोय. घरी सगळे बरे. अण्णांची शुगर आहे तशीच, बीपीची गोळी बदललीय, माझी कंबर तुला माहीतच आहे.

मशीन गेलं, आपल्या दुकानाचं व्हिडिओ एडिटिंगचं कॉम्प्युटर. म्हणजे गेलं नाही, जायच्या वाटेवर आहे. येळ्ळूरच्या एका लग्नाचं हायलाइट रेंडरला, म्हणजे शेवटची फाइल बनवायला, लावलं होतं, ऐंशी टक्क्यांवर स्क्रीन काळी. मला वाटलं लाईट गेली, खरं ट्यूब चालू, पंखा चालू. कॅबिनेट उघडलं तर आत निम्म्या वडगावची धूळ. फॅन काढला, खाली प्रोसेसरवर तू लावलेली उष्णता ओढायची पेस्ट, घावनावर तूप सोडल्यासारखी फासली होतीस बघ, तिचा नुसता रांगोळीसारखा भुगा. मी ओरडत होतो तांदळाच्या दाण्याएवढी पुरे, आणि तू म्हणत होतास कंजूषपणा करू नको. पुसून नवी लावली, सुरू झालं. आठ वर्षांत पहिल्यांदा एकट्यानं उघडलं ते, हात कापत होते, आणि एक स्क्रू मदरबोर्डाखाली गेला तो अजून तिथंच आहे.

खरं हे किती दिवस चालणार? हल्ली शूट करणारी पोरं जे आणून ओततात ते सगळं फोर-के, टेन-बिट, फोर-टू-टू, एच-२६५, म्हणजे रंग भरपूर नि फाइल घट्ट दाबलेली, उलगडायला जड. आपला इंटेलचा आय५-७४०० प्रोसेसर म्हणजे चार कोर नि चारच थ्रेड, एकावेळी चारच कामं, टाइमलाइनवर एक पाऊल टाकतो आणि पारावर बसतो. प्रॉक्सी, म्हणजे हलक्या कॉप्या, करून करून ओढलं वर्षभर. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वर्षभर सिक्युरिटीचे अपडेट मिळतात म्हणा, खरं ११ टाकायचं तर इंटेलची आठवी जनरेशन नाहीतर त्याच्या पुढची लागते. आपली सातवी. हसू नको.

२०१७ काढणारच मी आता, तू तयार असशीलच. जीएसटी नुकताच लागलेला, दुकानदारालाच बिल कसं करायचं ते कळत नव्हतं, आपण गणपतीच्या आधी मशीन उचललं. सोनं वाटून आठवडा झाला नव्हता तर ५ ऑक्टोबरला आठवी जनरेशन बाजारात. आय५ ला सहा कोर. सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेचं, नाव तेच, ११५१, पिना तेवढ्याच, खरं आपल्या बी२५० बोर्डावर चालणार नाही, ३०० सिरीजचाच बोर्ड पाहिजे! 'पुढं मोठा प्रोसेसर टाकू की' म्हणालेलास. तू म्हणशील आय७-७७०० बसत होता की. बसत होता, खरं सहा कोर समोर दिसत असताना चार कोरवाल्याला कोण पैसे घालतंय? आणि आता बघ, विंडोज ११ ची रेघसुद्धा बरोबर तिथंच मारलीय. दोन महिने थांबलो असतो तर आज हे पत्रच लिहिलं नसतं. महिनाभर आपण बोललो नव्हतो, दुसऱ्या गेटाजवळ समोरासमोर आलो तरी तू मोबाईल काढून बघत बसलास, आणि तेव्हा तुझ्या मोबाईलची बॅटरी संपलेली होती हे मला नंतर कळलं.

तर मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलो की मला एएमडी कंपनीचं रायझन घ्यायचं होतं, बाळ्यानं घेऊ दिलं नाही. आणि त्याच्या एएम४ सॉकेटनं मला तोंडपण दिलं. २०१७ मधले कितीतरी बोर्ड बायोस, म्हणजे बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी चालवायलेत. तेही सरळ झालं नाही, मे २०२० मध्ये कंपनीनं रायझन ५००० फक्त ५०० सिरीजच्या बोर्डांना म्हटलं होतं, लोकांनी बोंब मारली तेव्हा ४०० सिरीजला दिलं, ३०० ला तर २०२२ उजाडलं. तरी दिलं की! हे मी तुझ्या मेहुण्याला लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, तो बिचारा मसालेभात वाढायला आलेला.

आता तिढा काय तो ऐक. दुकानात गेलो, काउंटरवरचा पोरगा एएमडीचं नाव काढताच म्हणतोय, 'ब्याड्री सर, बिसी आक्कैती', नको सर, तापतंय. २०१७ मध्ये ऐकलं तेच वाक्य, पोरगा तेवढा नवीन. अरे, रायझन ५ ७६०० पासष्ट वॉटचा, तो काय तापतोय! आणि एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, ७००० सिरीज झाली, ९००० झाली, २०२७ पर्यंत आणि त्याच्याही पुढं चालवणार म्हणून कंपनीनं तोंडानं सांगितलंय. पिना आता प्रोसेसरला नाहीत, बोर्डात गेल्या, म्हणजे फॅन ओढताना प्रोसेसर उपटून हातात यायची भीती नाही. सगळं मनासारखं. खरं डीडीआर५ म्हणजे नव्या रॅमशिवाय चालत नाही, आणि रॅमचे भाव विचारू नको, एआयवाल्यांचे डेटा सेंटर सगळी मेमरी गिळायलेत नि इथं आपण दोन काड्यांसाठी सोनाराच्या दुकानात उभं राहिल्यासारखे. उद्या स्वस्त होईल म्हणून थांबावं तर वैशाखातली लग्नं तोंडावर.

दुसऱ्या बाजूला इंटेलचं १७०० सॉकेट. २०२१ च्या शेवटी आलं, बारावी-तेरावी-चौदावी असा संसार केला, ऑक्टोबर २०२४ ला १८५१ आलं आणि याचं पुढं काही नाही. मेलेलं सॉकेट. खरं त्याचे डीडीआर४ म्हणजे जुन्या रॅमवाले बोर्ड मिळतात, आपल्या त्या दोन आठ-आठच्या काड्या तशाच बसतील. आणि खरी गोम वेगळीच आहे, या बाराव्या जनरेशनच्या आतल्या ग्राफिकमध्ये जे क्विक सिंक नावाचं व्हिडिओचं इंजिन आहे ते हे फोर-टू-टू टेन-बिट एच-२६५ थेट उलगडतं. रायझनच्या आतल्या ग्राफिकला ते येत नाही. एनव्हिडियाच्या कार्डात घ्यायचं तर ५० सिरीज घ्या, म्हणजे लग्नाचा कॅमेरामन नको, नवराच व्हायला पाहिजे, हुंडा घेऊन. फक्त नावापुढं एफ नको, एफ म्हणजे ग्राफिकच नाही, तो पोरगा स्वस्त म्हणून १२४००एफच गळ्यात घालायलेला. तेरावी-चौदावीतल्या वरच्या मॉडेलांची २०२४ मध्ये व्होल्टेजची भानगड निघाली, दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षं वाढली, बारावीला ती भानगड नाही. आपण दोघांनी बारावीत काय दिवे लावले ते आहेच, प्रोसेसर तरी बारावी पास घेऊया.

म्हणजे काय झालं बघ. तू २०१७ मध्ये म्हणत होतास, व्हिडिओचं काम आहे, इंटेलचं आतलं ग्राफिक लागतं. आणि आठ वर्षं गावभर सॉकेटचं रडगाणं गाऊन मी पुन्हा जाऊन मेलेल्या सॉकेटवरच इंटेल घ्यायच्या बेतात आहे.

आता जे सांगायला बसलोय ते. डीडीआर४ च्या काड्या किती मेगाहर्ट्झच्या ते बघायला माळ्यावरून बोर्डाचं खोकं काढलं. त्यात मॅन्युअल, सीडी, आणि कोटेशनची ती चिठ्ठी, दोन रकाने पाडलेली. एकीकडं आय५, एकीकडं रायझन ५ १६००. तुझं अक्षर. आणि बाळ्या, खूण तू रायझनवर केली होतीस. सहा कोर बारा थ्रेड, खाली दोन रेघा, 'हेच घे' लिहिलंयस. त्या रकान्यावर काट मारलीय ती हिरव्या पेनानं, आणि हिरवं पेन आपल्या दुकानात कोण वापरत होतं ते तुला माहीत आहे. शेजारी माझं अक्षर, 'ग्राफिक कार्डाचे पैसे कुठनं आणू, १६०० ला आतलं ग्राफिक नाही.' मग खाली तू मुकाट्यानं बी२५० ची बेरीज केलीयस. इंटेलच्या ग्राफिकचं तू जे बोलत होतास ते त्याच्यानंतरचं, मला बरं वाटावं म्हणून.

मी खाली बसलो रे तिथंच. अण्णांचे हप्ते चालू होते तेव्हा, आठवलं सगळं. आणि गेली आठ वर्षं मी हे तुझ्या नावावर खपवलं, इतकं की मला स्वतःला तसंच आठवायला लागलं. तू एकदासुद्धा बोलला नाहीस. पुण्याला गेलास तेव्हा दुकानाच्या हिशोबातसुद्धा नाही काढलंस. तुला आठवत होतं काय? खरं सांग. आठवत असेल तर मला लई राग यायलाय तुझा.

तुझ्या वैनीला दाखवली चिठ्ठी. ती बघून म्हणाली, सॉकेट सॉकेट करत होता, आठ वर्षांत त्या सॉकेटात बदललंत काय? काही नाही. एक एसएसडी आणि एक रॅमची काडी. दुसऱ्या सॉकेटवर असतो तरी प्रोसेसर बदलला असता का, तर एका वर्षी अण्णांचं ऑपरेशन, पुढच्या वर्षी कोरोना, लग्नंच बंद. मग २०२७ पर्यंतच्या वायद्याला मी कशाला पैसे मोजू? आणि त्याच्या पुढं मी हे काम करत असेन काय, पोरगं तर म्हणतंय मोबाईलवरच एडिट होतंय सगळं. तरी रात्री झोप येत नाही, एएम५ चे बोर्ड बघत बसतो.

तुझं काय? पोरीची दहावी ना यंदा, तिला ताण देऊ नको. काकींच्या गुडघ्याचं काय झालं? नवीन फ्लॅटचे फोटो बघितले, किचन मस्त आहे. कुंद्याचा डबा कुणाबरोबर तरी पाठवतो.

तर इंटेलचा १२४०० का १२५००, तेवढं सांग. १२५०० मध्ये ७७० वालं ग्राफिक आहे, व्हिडिओचं इंजिन दोन, १२४०० मध्ये एक. आणि रायझन ७६०० च घे असं म्हणणार असशील तर तसं सांग, यावेळी काट मारणार नाही. चिठ्ठीचा फोटो काढला होता, पाठवत नाही. आलास की बघ.

पप्या

ता.क. चुंबकवाला स्क्रूड्रायव्हर तुझ्याकडंच आहे, नाही म्हणू नको. येताना आण, तो स्क्रू काढायचाय.