ताई, पुस्तक वाचकांपर्यंत पोचलं ते तुमच्यामुळे

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

कथासंग्रहाच्या पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती गेल्या आठवड्यात जळगावच्या एका वाचनालयाने नेल्या. हे तुम्हाला फोनवर कळवलंच. पण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते चारचौघांत सांगावं असं फार मनात आहे. आपल्याकडे कथा-कादंबरी लिहिणाऱ्या कितीतरी जणींना स्वतः पुस्तक काढायचं असतं, आणि विचारावं कुणाला हेच कळत नाही. मला तुम्ही भेटलात.

हस्तलिखित घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा पिशवीत एका कंपनीचा करारनामाही होता. पैसे लेखकाने भरायचे, पुस्तक त्यांनी काढायचं, असं ते पॅकेज. तुम्ही कथा बाजूला ठेवून आधी करार मागितलात. ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व भाषांत’, ‘सर्व माध्यमांत’ या शब्दांखाली लाल रेघ मारलीत आणि म्हणालात, ‘पैसे तुझे, कथा तुझ्या, मग हक्क त्यांचे कसे?’ कॉपीराइटचा १९५७चा कायदा तुम्ही मला त्या दिवशी समजावलात. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. म्हणून करारात काय लिहिलंय याइतकंच काय लिहायचं राहिलंय हेही बघायचं. मी सही केली नाही. माझ्या कथा आज माझ्या नावावर आहेत त्या तुमच्या त्या तासाभरामुळे.

मग खरं काम सुरू झालं. स्वतः प्रकाशक व्हायचं म्हणजे प्रकाशकाची सगळी कामं अंगावर घ्यायची, त्यातलं एकही टाळायचं नाही, हा तुमचा आग्रह. मुद्रितशोधनात, म्हणजे छपाईआधी प्रुफातल्या चुका शोधण्यात, तर तुम्ही कुणाची गय करत नाही. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना सातपुड्याच्या कथेतल्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले होते. तुम्ही प्रुफावर ओळीखाली पट्टी धरायचात, मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविरामासकट. ‘डोळा ओळखीचा शब्द वाचतच नाही, पुढे पळतो,’ म्हणून ही पट्टी. दुसरं प्रूफ शेवटच्या पानाकडून उलट तपासलंत. मला वाटतं, पहिल्यांदा पुस्तक काढणाऱ्याने एका गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते चांगल्या मुद्रितशोधकावर करावेत, मुखपृष्ठ त्यानंतर. तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत, हे इथे लिहिलंच पाहिजे.

हिशोबाचा कागद तर मी अजून जपून ठेवलाय. मजकूर १८८ पानांवर संपत होता. १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे १२ फर्मे, १९२ पानं. उरलेल्या चारांत माझी ओळख आणि ऋणनिर्देश बसवलात. किंमत ३०० धरली, वितरकाचे ४५ टक्के म्हणजे १३५ वजा केले, राहिले १६५. छपाई-बांधणीचे प्रतीमागे ११० गेले की हाती ५५. त्यातूनच टपाल आणि अभिप्रायाच्या प्रती. हे आकडे समोर मांडल्यावर हजार प्रतींचा हट्ट मी सोडला आणि डिजिटल छपाईवर ३०० काढल्या.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो लेखकालाही फुकट मिळतो, हे तुमचंच सांगणं. छापील पुस्तकाला एक, ई-बुकला वेगळा. किंडलवर ७० टक्के रॉयल्टी भारतात हवी असेल तर ई-बुक निदान ९० दिवस दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. आणि चार ग्रंथालयांच्या प्रती! १९५४च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमरा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना ३० दिवसांच्या आत एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणाऱ्यांपैकी अनेकांना याचा पत्ताच नसतो. शंभर वर्षांनी कुणाला आपलं पुस्तक शोधायचं झालं तर ते तिथे सापडावं, असं तुम्ही म्हणालात. पार्सलावर पत्ता लिहिताना मला केवढं बरं वाटलं होतं.

अमळनेरचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तुमच्यामुळेच नीट पाहिलं. फेब्रुवारी २०२४. स्वतःच्या पुस्तकांची पिशवी पहिल्या दिवशी तुम्ही खोलीवरच ठेवायला लावलीत. आधी ग्रंथप्रदर्शनातले गाळे फिरायचे, विक्रेत्यांना लोक काय मागतात ते विचारायचं, ग्रंथपालांशी बोलायचं. व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या हातात प्रत कोंबू नकोस, ती हॉटेलातच राहते, पण तालुक्याच्या वाचनालयाला दिलेली प्रत वीस जण वाचतात. ते खरंच निघालं. जळगावच्या वाचनालयाची ओळख तिथेच एका गाळ्यावर झाली. त्याच दिवसांत गावात या संमेलनाला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलनही होतं, तिथेही तुम्ही नेलंत. जाताना १८७८चं पुण्याचं न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखालचं पहिलं ग्रंथकार संमेलन आणि ग्रंथकार सभेला नकार कळवणारं जोतीराव फुल्यांचं १८८५चं पत्र, दोन्ही सांगत होतात. दोन्ही मांडवांतले वाचक आपले, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. नव्या लेखकाने फक्त एकाच मांडवातून परत येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ज्यांचं पहिलं पुस्तक अजून यायचंय त्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी बघावी, हा तुमचा निरोपही इथे पोचवते. आमच्या लेखन-मंडळातल्या दोघींनी तयारी सुरू केली आहे. तुमचा हिशोबाचा कागद त्यांना झेरॉक्स करून दिलाय.

दुसऱ्या आवृत्तीचं काम पुढच्या महिन्यात धरते आहे. वाचकांनी दाखवलेल्या चुका एका वहीत उतरवल्या आहेत, त्या टपालाने पाठवते. या वेळी मुद्रितशोधक म्हणून श्रेयनामावलीत तुमचं नाव छापणार आहे आणि मानधनही घ्यावं लागेल. नाही म्हणू नका.

तुमची,
खानदेशातली विद्यार्थिनी