सीसीयूतल्या (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागातल्या) सिस्टरांना, इंदूरहून

प्रिय सिस्टर आणि ब्रदर,

१२ मेला, परिचारिका दिनाला, वॉर्डात केक कापतात, तुम्हाला गुलाबाचं एकेक फूल मिळतं, फोटो निघतो. पेढ्यांचा डबा मात्र वर्षभर डॉक्टरांच्या केबिनमध्येच जातो. आम्ही इंदूरच्या हृदयरोग विभागांत तुमच्या अवतीभवती काम करणारे काही डॉक्टर, टेक्निशियन आणि फार्मासिस्ट. फाइलवर एक ओळ लिहायची आणि पुढच्या बेडकडे वळायचं, ही आमची रीत. त्या ओळीचं पुढे तुमच्या हातून काय होतं, ते आम्ही रोज बघतो. म्हणून हे आभार मोघम नकोत, नेमके हवेत.

सुरुवात कॅज्युअल्टीपासून. 'छातीत दुखतंय' असं सरळ सांगणारा पेशंट नशिबानेच मिळतो. इंदुरात सकाळचे पोहे नाहीतर रात्रीची सराफ्यातली कचोरी आरोपी म्हणून तयारच असते. 'गॅस झालाय, इनो घेतलंय' म्हणत माणूस बाकावर बसून राहतो. मधुमेहाच्या आजी तर छातीला हातही लावत नाहीत, 'जीव घाबरतोय' एवढंच म्हणतात. तुम्ही त्यांच्या कपाळावरचा गार घाम बघता आणि केसपेपर व्हायची वाट न बघता पडदा ओढता. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघतो तो त्यामुळे.

आणि तो बिनचूक निघतो. छातीवर चिकटवायच्या टोकांपैकी व्ही-वन, व्ही-टू बरगड्यांच्या चौथ्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना. व्ही-फोर पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यावरून खाली येणाऱ्या रेषेवर. घाईत पहिले दोन वर सरकले, तर कधीच न आलेला जुना अटॅक कागदावर दिसू शकतो. हातांच्या वायरींची अदलाबदल झाली की कागदावरची लीड वन नावाची रेघ उलटी पडते आणि एव्हीआर नावाची रेघ उभी राहते. तुम्ही कागद आमच्या हातात देण्याआधी ते बघून घेता, आणि चूक दिसली तर गाजावाजा न करता दुसरा काढता. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक वाटला, तर कुणी सांगायच्या आत व्ही-फोर उजव्या बाजूला लावून आणखी एक पट्टी काढता. उजव्या कप्प्याला धक्का बसलेला असताना जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) गेलं, तर बीपी धाडकन कोसळतं. ती एक पट्टी आमचा हात वेळीच धरते.

आता आमची एक ओळ घ्या: 'इंज. केसीएल २० एमईक्यू'. म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन; एमईक्यू हे क्षार मोजायचं एकक. दहा मिलीची एक अँप्युल. थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबू शकतं. आधी तुम्ही पेशंटला लघवी नीट होतेय ना ते बघता, सकाळचा पोटॅशियमचा रिपोर्ट बघता. मग अँप्युल ५०० मिली सलाइनमध्ये घालून बाटली पाच-सहा वेळा उलटीपालटी करता. न ढवळलेलं पोटॅशियम खाली साचतं आणि सुरुवातीच्या थेंबांतच एकदम जातं, हे नव्या मुलींना तुम्हीच शिकवता. हाताच्या शिरेतून तासाला १० एमईक्यूच्या वर नाही, म्हणजे ती बाटली किमान दोन तास चालणार. शीर जळजळते म्हणून पेशंट कुरकुरतो, नातेवाईक 'सिस्टर, जरा जोरात सोडा ना' म्हणतात. तुम्ही सोडत नाही. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचंही तसंच: मोठा डोस भसकन दिला तर कान जाऊ शकतात, म्हणून मिनिटाला ४ मिलिग्रॅमच्या आत. ठोक्यांची लय सांभाळणारं अमियोडेरोन साध्या सलाइनमध्ये नाही, पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. आणि दर तासाला शिरेवरची लाली बघायची. आमच्या ओळीत यातलं बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं.

मॉनिटरबद्दल एक गंमत, जी बाहेर कुणाला माहीत नसते. पेशंट पलंगावर बसून दात घासायला लागला की पडद्यावर व्हीटीसारख्या (हृदयाच्या जीवघेण्या वेगवान लयीसारख्या) लाटा उसळतात. नवा डॉक्टर शॉक द्यायच्या मशीनकडे, डिफिब्रिलेटरकडे, धावतो; तुम्ही आधी पेशंटकडे बघता, मग बोटाच्या ऑक्सिमीटरची लाट बघता. ती शांतपणे चालू असते. हे धोरण उलट्या दिशेनेही लागू पडतं: पडदा छान आणि माणूस पांढराफटक, तर तुम्ही पडद्यावर विश्वास ठेवत नाही.

मनगटातून अँजिओप्लास्टी होऊन पेशंट वर आला की खरी कारागिरी सुरू होते. रक्त थांबवायला मनगटावर बांधलेल्या पारदर्शक बँडच्या फुग्यात १३ ते १५ मिली हवा. फार घट्ट राहिला तर रक्त थांबतं खरं, पण धमनीच कायमची बंद पडू शकते. सैल झाला तर कोपरापर्यंत हात टम्म सुजतो. साधारण दोन तासांनी तुम्ही पिचकारी लावून २-३ मिली हवा काढता, छिद्राकडे डोळे लावून थांबता. रक्ताचा ठिपका वर आला की तेवढीच हवा परत आत, पुन्हा १५ मिनिटं. मधल्या वेळात बोटांचा रंग, नखाची ऊब. जांघेतून प्रोसिजर झाली असेल तर पाय चार ते सहा तास सरळ, आणि पावलावरची नाडी चाचपायची. पेशंट म्हणतो, 'पाठ अवघडली.' दहातल्या नऊ वेळा ती खरोखर अवघडलेलीच असते. तरी तुम्ही दर वेळी नाडी आणि बीपी बघता, कारण पोटाच्या मागे रक्त साचत असेल तर पहिली तक्रार हीच असू शकते.

बायपासनंतरच्या ड्रेनचं, म्हणजे छातीतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीचं, एवढंच सांगतो: तासाला २०० मिली आलं तर सगळेच धावतात. चांगला वाहणारा ड्रेन अचानक कोरडा झाला, तर नातेवाईक खूश होतात आणि तुम्ही फोन उचलता. नळीत गाठ अडकून रक्त हृदयाभोवती दाटत असू शकतं.

डिस्चार्जच्या दिवशी आम्ही 'मीठ कमी' लिहितो. या गावात पोह्यांवर शेव, भाजीवर शेव, काहींच्या वरणावरही शेव. तुम्ही विचारता, 'घरात महिन्याला किती किलो शेव लागते?' उत्तर ऐकून मग दिवसभराचं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ, हाताने मोजून दाखवता. शेव, पापड, लोणचं त्या चमच्यातच धरायचं. हार्ट फेल्युअरच्या पेशंटने रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट न बघता यायचं. स्टेंटच्या पेशंटला सांगता की दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, दातांच्या डॉक्टरांनी आधी इथे फोन करावा. हे सगळं तुम्ही पेशंटपेक्षा त्याच्या बायकोला आणि सुनेला सांगता, तेही दोनदा.

नुसतं पत्र लिहून भागणार नाही, म्हणून आमच्या बाजूने: यापुढे ऑर्डर पूर्ण लिहू. औषध कशात मिसळायचं, किती वेगाने, कुठल्या शिरेतून, आणि कुठल्या आकड्याला थांबवायचं. केसीएल तोंडी सांगणार नाही. आणि रात्री तीन वाजता 'सर, पेशंट बरा वाटत नाहीये' एवढाच फोन आला, तरी 'व्हायटल्स काय आहेत?' विचारताना पायांत चपला घातलेल्या असतील.

तुमचे,
फाइलवर एक ओळ लिहिणारे
इंदूर